बाह्यवळणाची दारे : ब्रेंटफर्ड ते नऱ्हे

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातील नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड वाहनाचा ताबा सुटला आणि अनेक वाहनांचे नुकसान झाले. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच परिसरात भरधाव कंटेनरने पुढची वाहने उडवली. दोन अवजड वाहनांमध्ये सापडलेली मोटार पेटली आणि आठ जणांचे प्राण गेले. दोन्ही वेळी चर्चा झाली ती उताराची आणि चालकाची. उतार खराच आहे. परंतु या जागेचा इतिहास उतारापेक्षा दारांचा अधिक आहे. तो समजून घ्यायचा तर लंडनच्या पश्चिमेला शंभर वर्षे मागे जावे लागते.

तेथील ब्रेंटफर्ड या गावाचा अरुंद हमरस्ता ट्राम, घोडागाड्या आणि मोटारींनी तुंबत असे. गावाला वळसा घालणारा ग्रेट वेस्ट रोड हा त्यावरचा उपाय ठरला. राजे पंचम जॉर्ज यांच्या हस्ते १९२५ मध्ये तो खुला झाला. अवघ्या तीन वर्षांत फायरस्टोनचा टायर कारखाना त्याच्या कडेला उभा राहिला आणि पाठोपाठ इतर कारखान्यांची रांग लागली. (त्यांतल्या काहींच्या दर्शनी भागांचे वास्तुरसिक आजही कौतुक करतात, ते वेगळे.) गावातील कोंडी टाळण्यासाठी बांधलेल्या रस्त्याने स्वतःच नवे गाव निर्माण केले.

रस्त्याच्या दोन्ही कडांना फितीसारख्या पसरणाऱ्या या वस्तीला इंग्रजांनी ‘रिबन डेव्हलपमेंट’ असे नाव दिले आणि १९३५ मध्ये तिच्या नियंत्रणासाठी कायदा केला. रस्त्याच्या मध्यापासून २२० फुटांच्या आत संमतीवाचून बांधकाम करण्यास त्याने मनाई केली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे रस्त्यावर नवे प्रवेशद्वार काढण्यासही संमती आवश्यक केली. धोका भिंतीत नसून फाटकात असतो, हे त्या कायद्याने ओळखले होते.

ही जाण भारतातही पोहोचली. मुंबई महामार्ग अधिनियम १९५५ चा. इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा या संकल्पना त्यात आहेत. महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्गासाठी मध्यापासून ४० आणि ७५ मीटर ही त्यांची रूढ अंतरे. २००२ चा केंद्रीय कायदा तर आणखी कडक आहे. परवानगीशिवाय कोणालाही वाहनाने महामार्गावर प्रवेशाचा हक्क नाही, आणि पाच किंवा अधिक व्यक्तींच्या समूहाला पायीसुद्धा नाही, असे तो म्हणतो. नवले पुलाखाली सायंकाळी उभे राहून हे कलम वाचले तर ते विनोदी वाटेल. कायदा अपुरा नव्हता. प्रशासनाने भिंतींची अंतरे मोजली, फाटके मोजली नाहीत.

कात्रज–देहूरोड बाह्यवळण हे पुण्याचे ग्रेट वेस्ट रोड. मुंबई–बंगळूर वाहतूक शहराबाहेरून जावी म्हणून ते झाले, तेव्हा आंबेगाव, नऱ्हे, वारजे, बावधन, बाणेर ही शेतीची गावे होती. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या रस्त्यामुळे कडेच्या प्रत्येक गुंठ्याला सोन्याचा भाव आला. गृहसंकुले, मंगल कार्यालये, महाविद्यालये, गोदामे आली, पलीकडे हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत फोफावली. जमिनीची किंमत ज्या प्रवेशामुळे वाढली, त्या प्रवेशाचे मोल कोणी भरले नाही. सलग सेवा रस्त्यासाठी जमीन राखून ठेवण्याची वेळ तीच होती, कारण तेव्हा ती स्वस्त होती.

उताराचेही नीट समजून घ्यायला हवे. नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडल्यावर काही किलोमीटर सलग घसरण लागते. डिझेल वाचवण्यासाठी काही चालक गाडी न्यूट्रलमध्ये टाकतात, क्वचित इंजिनही बंद करतात. गिअर सुटला की इंजिनाचा रोध संपतो आणि सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सैल होते. इंजिन बंद असेल तर हवेच्या ब्रेकला लागणारा दाबही पुन्हा भरत नाही. असे वाहन घाटातही अनावर होते. मात्र घाटाच्या पायथ्याशी दुचाकीवरून घरी निघालेला विद्यार्थी, भाजी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई, वळण घेणारी रिक्षा नसते. नवले पुलाशी हे सारे एकाच पट्ट्यात येतात, कारण नऱ्ह्याहून वडगावला जायला त्यांना दुसरी सलग वाट मिळालेली नाही.

रंबलर, वेगमर्यादेचे फलक, कॅमेरे हे उपाय आवश्यकच आहेत. पण ते चालकाला सुधारतात, रचनेला नाही. चांदणी चौकात रचनेला हात घातला गेला. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटकांनी जुना पूल पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ रोजी नवे संकुल खुले झाले. मोटारींची सोय झाली, यात शंका नाही. पायी चालणाऱ्याने पलीकडे जावे कसे, हा प्रश्न मात्र उद्घाटनानंतरही उरला आणि पादचारी पुलाचे काम मागाहून करावे लागले. इतक्या मोठ्या योजनेत माणसाची आठवण परिशिष्टात व्हावी, हे अक्षम्य आहे.

अडचण मालकीचीही आहे. मुख्य रस्ता राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, लगतची जमीन महापालिकेच्या नियोजनाखाली. त्यातही नऱ्हे, सूस, म्हाळुंगे यांसह २३ गावे महापालिकेत आली ती थेट ३० जून २०२१ रोजी. सेवा रस्त्याचा एक तुकडा होतो, पुढचा भूसंपादनात अडतो, आणि जेथे तुकडा संपतो तेथे स्थानिक दुचाकी पुन्हा कंटेनरच्या रांगेत शिरते.

आता रावेत ते नऱ्हे उन्नत मार्गाचा प्रस्ताव चर्चेत आहे. ब्रेंटफर्डलाही तेच झाले होते. वळसा तुंबला म्हणून १९६५ मध्ये त्याच्या डोक्यावरून एम-४ मोटरवे नेण्यात आला. दूरची वाहतूक वरून गेली, कारखान्यांची फाटके खालीच राहिली. पुण्यातील आराखडा पाहताना म्हणूनच खांबांच्या उंचीपेक्षा आधी दोन गोष्टी विचाराव्यात. खालच्या सेवा रस्त्याचे सगळे तुकडे कोणत्या वर्षी जोडले जाणार आहेत? आणि वरून खाली येणारे उतार जमिनीला नेमके कोणाच्या दारात टेकणार आहेत?