गाणाऱ्या बाईचा हिशेब

एखाद्या रॉक बँडचा इतिहास सांगताना लोक कॅसेटी किती निघाल्या, दौरे कुठे झाले, ते सांगतात. पुण्याच्या कबीर कला मंचाचा इतिहास मात्र अटक, जामीन, पुन्हा अटक असाच सांगितला जातो. मैत्रिणींनो, या सांगण्यात गाणारी बाई कुठे आहे?

2002 साली, गुजरातच्या दंगलींनंतर, हा मंच उभा राहिला. डफ, ढोलकी आणि वस्तीतली तरुण पोरंपोरी. कासेवाडीतून आलेली शीतल साठे मंचाची प्रमुख गायिका झाली. शाहीर म्हणजे फेटा, मिशी आणि पहाडी आवाज, ही आपली समजूत. इथे एक तरुणी पुढे उभी राहून गात होती. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटाने तो आवाज दूरवर नेला.

2011 मध्ये नक्षलवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून काही कलाकारांना अटक झाली, काही भूमिगत झाले. कलाकारांनी आरोप नाकारले. 2 एप्रिल 2013 रोजी शीतल आणि तिचा नवरा सचिन माळी विधान भवनासमोर स्वतःहून हजर झाले. ती गरोदर होती. जूनअखेर उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला; सचिनला तो 2017 च्या जानेवारीत मिळाला. पुढे दोघांनी ‘नवयान महाजलसा’ उभा केला. मंचाची दुसरी गायिका ज्योती जगताप हिला एल्गार परिषद प्रकरणात सप्टेंबर 2020 मध्ये अटक झाली.

गाणाऱ्या मुलींना अडवायला दरवेळी पोलीसच लागतात असे नाही. 2013 च्याच फेब्रुवारीत काश्मीरमधला ‘प्रगाश’ हा शाळकरी मुलींचा रॉक बँड धमक्या आणि फतव्यानंतर बंद पडला. आणि आमच्या टोकावड्याकडे? ठाणे जिल्ह्यात लग्नात धवळे गाऊन विधी पुढे नेण्याचा मान बाईचा. पण वाद्य, स्टेज आणि बिदागी आली की पुढारपण पुरुषाकडे जाते. फतवा लागत नाही. ‘रात्री परत कशी येणार?’ एवढा प्रश्न पुरतो.

आपण तरी काय करतो? मोर्चाला, आठ मार्चला गाणी हवीत. गाणारीला मात्र ‘चळवळीचंच काम आहे’ म्हणून फुकट बोलावतो. तिचे एसटीचे भाडे कोण देते? ती गात असताना तिचे मूल कोण सांभाळते? तिच्यावर खटला झाला तर तारखेला सोबत कोण जाते?

माझे म्हणणे एवढेच, की प्रत्येक संघटनेने आपल्या वार्षिक खर्चात गाणारीचे मानधन, प्रवास आणि पाळणाघर यांची तरतूद करावी. डफ मुलींच्या हाती द्यावा, शिकवावा. घोषणा आपण सगळ्या मिळून देतो. गाण्याची किंमत मात्र एकटीने मोजायची, हे समतेत बसत नाही.