टपावरची पिशवी घेताना

डोंबिवलीच्या एका भगिनीचं पत्र आलं आहे. गाडी सीएनजीची, त्यामुळे निम्मी डिकी सिलिंडरनेच अडवलेली. गणपतीला कोकणात जायचं, माणसं पाच. सामान मागच्या सीटवर रचलं की सासूबाईंना गुडघे लांब करायला जागा उरत नाही. मग त्या म्हणतात, “मी राहते घरी, तुम्ही या जाऊन.” तेव्हा टपावर बांधायची ती घडीची पिशवी घ्यावी का, आणि घेतली तर कशी?

घ्या हो! सासूबाई घरी आणि सुटकेसी गणपतीला, हे काही बरं नव्हे. पण आधी माझी फजिती ऐका. मी घेतली ती किंमत बघून, आणि वर ‘वॉटरप्रूफ’ छापलं होतं म्हणून. ताम्हिणीत पावसानं गाठलं. माणगावला चहाला थांबलो, चेन उघडली, तर आईच्या हातची गोधडी चिंब आणि माझ्या नव्या लाल परकराचा रंग तिच्यावर उतरलेला. गंमत म्हणजे पिशवीच्या कापडातून थेंबही आला नव्हता. पाणी शिरलं होतं शिवणीच्या भोकांतून आणि चेनीतून.

म्हणून कापडाला हात लावून झाला की पिशवी उलटी करून शिवण बघा. ताडपत्रीसारखं पीव्हीसीचं कापड उष्णतेने चिकटवून जोडलेलं असेल तर उत्तम. दोऱ्याची शिवण असेल तर आतून तिच्यावर पट्टी हवीच. चेनीवर चांगली रुंद झडप हवी, तीही वेलक्रोने बंद होणारी. घरी आणल्यावर आत वर्तमानपत्रं पसरा, चेन लावा आणि पाच-सात बादल्या पाणी वरून ओता. कागद ओला झाला तर पिशवी सरळ परत करा. पास झाली तरी कपडे आत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच ठेवायचे, बरं का.

आता बांधायचं कशाला? टपावर कॅरिअर असेल तर प्रश्नच नाही. दोन बाजूंच्या दांड्या मात्र काही गाड्यांना नुसत्या शोभेच्या असतात, तेव्हा गाडीची पुस्तिका वाचा. टप मोकळा असेल तर दुकानदार पट्टे दारांतून आत घ्यायला सांगतो. पावसात तसं करू नका. वातीसारखं पट्ट्यातून पाणी ओढलं जातं आणि नेमकं मांडीवर ठिबकतं! त्यापेक्षा दाराच्या चौकटीत अडकणारे हूक बरे. पिशवीखाली न घसरणारी जाळीची चटई घाला. त्याआधी टप पुसा, नाहीतर धुळीने रंगावर ओरखडे येतात.

मोठी पिशवी म्हणजे चांगली, असंही नाही. अर्धी रिकामी असली की वाऱ्यानं फडफडते. टेप घेऊन टप मोजा; पिशवी पुढच्या काचेवर यायला नको आणि डिकीचं दार पूर्ण उघडायला हवं. टपावर किती वजन चालतं तेही पुस्तिकेतच असतं, आणि त्यात कॅरिअर व पिशवी दोन्ही धरायची. बॅग उचलून वजनकाट्यावर उभ्या राहा, आपलं वजन वजा करा, झालं काम. (ते कुणाला सांगायची गरज नाही!) मोदकपात्र, नारळ, पितळी समया डिकीत, वर फक्त कपडे, पांघरुणं, उशा. जड सामान वर गेलं की घाटाच्या वळणावर गाडी झुकते. दागिने तर मुळीच नकोत. कापडी पिशवी सुरीनेही फाटते.

चेनीचं तोंड मागच्या बाजूला ठेवा. पट्ट्याला एक पीळ द्या म्हणजे तो वाऱ्यात गुणगुणत नाही. दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून सगळे पट्टे पुन्हा ओढा, कारण सामान बसतं आणि पट्टे सैल पडतात. आणि सोसायटीच्या पार्किंगची उंची विसरू नका.

परत आल्यावर पिशवी उन्हात नको, सावलीत उघडी वाळवा. ओली घडी केली की बुरशी धरते.

माझ्या गोधडीवरचा तो लाल डाग अजून गेलेला नाही. कुणाला उपाय ठाऊक असेल तर अवश्य कळवा.