बकरा नेमका कोण?

आमच्या शाळेत नववीच्या चार मुलांनी एका वर्गमित्राचा ‘प्रँक’ केला. तुझं नाव आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेसाठी निघालंय, ऑफिसबाहेर यादी लागलीय, असं त्याला सांगितलं. एकाने तर खरोखरच यादी टाइप करून, प्रिंट काढून भिंतीवर चिकटवली होती. हा मुलगा मराठीत कच्चा. घरी दखनी बोलतो, ‘ळ’ आला की अडखळतो. पण वर्षभर शाळा सुटल्यावर माझ्याकडे थांबून मराठी भाषणाचा सराव करत होता. यादीत आपलं नाव पाहिल्याबरोबर तो धावत फाटकाबाहेर गेला आणि केळ्यांच्या गाडीवर उभ्या असलेल्या अब्बांना हात धरून घेऊन आला. अब्बांना मराठी वाचता येत नाही. मुलाने बोट ठेवलं त्या जागेकडे ते बघत राहिले. मोबाईलचा कॅमेरा चालूच होता. मग चौघं भिंतीमागून ओरडले, “प्रँक था!”

जप्त केलेल्या मोबाईलवर मला ती क्लिप बघावी लागली. मिनिटभराचीही नाही. त्यात मुलगा हसतोय. आपली फजिती झाली की हसायचं असतं, हे आजच्या मुलांना कुणी शिकवावं लागत नाही. अब्बा हसत नाहीत.

चौघांना समोर बसवून विचारलं, असं का केलंत? एक म्हणाला, “सर, टीव्हीवर, यूट्यूबवर असंच असतं. शेवटी सगळे हसतात.” त्याला खोटं ठरवणं मला जमेना. कारण हे मीही पाहत मोठा झालो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या मोहल्ल्यात ज्या दोन घरांत केबल होती, त्यातल्या एका घरात आम्ही पोरं ‘एमटीव्ही बकरा’ बघायला गर्दी करायचो. सायरस ब्रोचा रस्त्यावरच्या एखाद्या भल्या माणसाला गाठायचा, काहीतरी अफाट थाप मारायचा आणि तो माणूस पुरता गोंधळला की लपवलेला कॅमेरा दाखवायचा. आम्ही पोट धरून हसायचो. नाव किती प्रामाणिक होतं बघा! बकरा. कापला जाणारा कोण, हे शीर्षकातच सांगून टाकलेलं.

नंतर २००३ मध्ये ‘रोडीज’ आलं. मोटरसायकलवरचा प्रवास, उड्या, चिखल, किडेमकोडे हे सगळं होतंच, पण गावोगाव चर्चा व्हायची ती ऑडिशनची. विशी-बाविशीतली मुलं-मुली खुर्चीवर बसायची आणि समोरचे परीक्षक त्यांना सोलून काढायचे. कोणी रडलं तर कॅमेरा जवळ जायचा. त्या काळात मी बी.एड. करत होतो. सकाळी बालमानसशास्त्राच्या तासाला मुलांचा स्वाभिमान या विषयावर टिपणं काढायची आणि रात्री हॉस्टेलच्या टीव्हीसमोर बसून दुसऱ्याचा स्वाभिमान उतरताना पाहायचा. विसंगती तेव्हा जाणवली नाही. जाणवली असं म्हणालो तर ते खोटं होईल.

तर त्या चौघांशी बोलताना एकाने मला कोंडीत पकडलं. “सर, खोटं बोलून काही चांगलं होत असेल तर?” मी त्यांना नेदरलँड्समधली एक गोष्ट सांगितली. ती इथे जरा सविस्तर लिहितो, कारण तरुणांसाठी केलेल्या टीव्ही स्टंटबद्दल माझं जे काही मत बनलं आहे, ते या एका कार्यक्रमाशी झटापट करत बनलं आहे.

२००७ च्या मे महिन्यात बीएनएन या डच प्रसारण संस्थेने जाहीर केलं की आम्ही किडनीदानाचा रिअ‍ॅलिटी शो करणार आहोत. बीएनएन म्हणजे तरुणांची वाहिनी, आगाऊपणाबद्दल प्रसिद्ध. निर्मिती एंडेमॉलची. याच कंपनीने १९९९ मध्ये ‘बिग ब्रदर’ जन्माला घातला, म्हणजे आपल्या ‘बिग बॉस’चं हे माहेर. कार्यक्रमाचं नाव ‘दे ग्रोटे डोनरशो’, मोठा डोनर शो. मेंदूत गाठ झालेली, मरणाच्या दारात उभी असलेली ३७ वर्षांची लिसा तीन किडनी रुग्णांपैकी एकाची निवड करणार आणि आपली किडनी त्याला देणार. प्रेक्षकांनी एसएमएस करून तिला सल्ला द्यायचा. बाकी दोघांनी घरी जायचं.

जगभर गदारोळ झाला. होणारच होता. पंतप्रधान बाल्केनेंडे यांना देशाच्या प्रतिमेची काळजी वाटली. संसदेत बंदीची मागणी झाली. पण कार्यक्रम दाखवण्याआधीच त्यावर बंदी आणणं तिथल्या कायद्यात बसत नव्हतं. १ जूनच्या रात्री शो झाला आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी तो पाहिला. लिसाने तिघांना प्रश्न विचारले, त्यांच्या घरच्यांच्या चित्रफिती पाहिल्या आणि शेवटी ती नाव उच्चारणार, एवढ्यात निवेदक पॅट्रिक लोडियर्सने तिला थांबवलं. म्हणाला, किडनी दिली जाणार नाही. लिसा आजारी नाही, ती अभिनेत्री आहे.

माझी मुलं इथे ओरडलीच. “यानी प्रँक!”

हो, प्रँक. पण लिसा खोटी असली तरी ते तिघे खरे होते. खरोखर किडनीची वाट पाहणारे रुग्ण होते आणि हा सगळा बनाव आहे हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. ते त्या खेळाचे सौंगडी होते. फसले ते सोफ्यावर बसलेले प्रेक्षक. आठवडाभर “काय हा अमानुषपणा” म्हणून ओरडणाऱ्यांना शेवटी एकच प्रश्न विचारला गेला: तीन माणसांत एक किडनी वाटली जाते याचा तुम्हाला राग येतो, मग हे तिघे वर्षानुवर्षं रांगेत उभे आहेत याचा का येत नाही? पुढच्या काही दिवसांत हजारो लोकांनी अवयवदानाचे अर्ज मागवले. माध्यम खात्याचे मंत्री प्लास्टर्क यांनी नंतर कौतुकच केलं आणि २००८ मध्ये या कार्यक्रमाला इंटरनॅशनल एमी पुरस्कार मिळाला.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बीएनएनची स्थापना करणारा बार्ट दे ग्राफ स्वतः किडनीचा रुग्ण होता. आजारामुळे त्याच्या शरीराची वाढ खुंटलेली. एकदा प्रत्यारोपण झालं, पण शरीराने ती किडनी नाकारली. मे २००२ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी तो गेला. शो झाला तो त्याच्या जाण्याला पाच वर्षं झाली तेव्हा. म्हणजे ज्यांनी हा खेळ मांडला, त्यांच्या घरातूनच आधी एक मय्यत निघाली होती.

मुलांना मी एवढंच विचारलं, “त्यांच्या प्रँकमध्ये दुबळा माणूस कुठल्या बाजूला होता? आणि तुमच्या?”

स्टंट मोजायची माझी पट्टी हीच आहे. धोका किती, किळस किती, शिव्या किती, हे नंतर. खरं काय आहे ते कुणाला माहीत होतं आणि कुणाला नव्हतं, हे आधी. आपल्याकडच्या बहुतेक कार्यक्रमांत निर्मात्याला सगळं माहीत असतं, प्रेक्षकालाही पुष्कळसं कळत असतं, आंधळा असतो तो खुर्चीवरचा पोरगा. त्याने करारावर सही केलेली असते हे मान्य. पण आपल्या सहा तासांच्या बोलण्यातली कुठली दोन मिनिटं दाखवली जातील आणि कुठल्या संगीतावर, हे सही करताना त्याला कुठे ठाऊक असतं? ‘खतरों के खिलाडी’मधला कलाकार हेलिकॉप्टरला लोंबकळतो तेव्हा त्याच्या कमरेला दोर असतो, खाली बचाव पथक असतं आणि खिशात मानधन. ऑडिशनला आलेल्या साताऱ्याच्या किंवा मालेगावच्या पोराला असा कुठलाच दोर नसतो.

डच शो निर्दोष होता असं मात्र मी म्हणणार नाही. इथे मला माझी खाला आठवते. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, ती डायलिसिसच्या पलंगावर असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेमुळे खर्च सुसह्य झाला, हाताच्या नसा मात्र सुजलेल्याच राहतात. त्या रात्री नेदरलँड्समध्येही अशी एखादी खाला टीव्हीसमोर बसली असेल. तिला हा बनाव ठाऊक नव्हता. कुणाला तरी आज किडनी मिळतेय, या आनंदात किंवा मत्सरात तिने तो तासभर काढला असेल आणि शेवटी तिच्याही हाती काही आलं नसेल. तिची माफी कोणी मागितली का? कौतुकाच्या गडबडीत ती राहून गेली असावी.

शिवाय स्टंट एकदाच चालतो. दुसऱ्यांदा लोक आधीच हसतात. डच संसदेने कायदा बदलला तो २०१८ मध्ये, वरिष्ठ सभागृहात ३८ विरुद्ध ३६ अशा काठावरच्या मतांनी. १ जुलै २०२० पासून तिथे ज्याने आपला निर्णय कळवलेला नाही, त्याची हरकत नाही असं धरलं जातं. टीव्हीवरच्या त्या रात्रीपासून १३ वर्षं गेली. ही वर्षं कोणी चित्रित केली नाहीत, कारण कायद्याच्या चर्चेत रडणारा चेहरा जवळून दाखवता येत नाही.

आपल्याकडे १९९४ चा कायदा आहे. माणसाने अर्ज भरून ठेवला असला तरी मेंदूमृत्यूनंतर घरच्यांची संमती लागते. म्हणजे खरा कार्यक्रम घरातच होतो. आमच्या घरी तो झालाय. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८८ मध्ये काही अटींवर अवयव प्रत्यारोपणाला परवानगी दिली, हे मी दस्तरख्वानवर सांगितलं. मामू म्हणाले, आपले उलेमा यावर एकमत नाहीत. तेही खरंच आहे. अम्मीने विचारलं, “गुस्ल देणाऱ्याला टाके दिसतील, त्याचं काय?” यावर मी काहीतरी विद्वत्तापूर्ण बोललो आणि ती उठून गेली. हमीद दलवाई १९७७ मध्ये किडनीच्याच आजाराने गेले, वय अवघं ४४. त्यांच्या मतांवर आपल्यात आजही कडाक्याचे वाद होतात, पण या आजारावर आपण तेवढ्या जोरात कधी बोललो नाही. माझा स्वतःचा अर्ज भरून कपाटात पडला आहे. साक्षीदार म्हणून सही करायला बायको तयार आहे, पण आधी अम्मीशी नीट बोला, म्हणते. ते अजून राहिलंय.

चौघांना मी शिक्षा अशी केली नाही. क्लिप त्यांच्याच हाताने पुसायला लावली आणि चौघांना घेऊन केळ्यांच्या गाडीवर गेलो. त्यांनी माफी मागितली. अब्बांनी प्रत्येकाला एकेक केळं दिलं, पैसे घेतले नाहीत. एका मुलाला ते तिथे खाववेना, त्याने दप्तरात ठेवलं.

तो मुलगा मात्र अजून शाळा सुटल्यावर थांबत नाही. खऱ्या स्पर्धेची यादी पुढच्या आठवड्यात लागणार आहे. त्यात त्याचं नाव मी घातलंय, पण यादी लागली तर तो ती वाचायला येईल की नाही, हे मला सांगता येत नाही.