दोघांचा नेम

भिंतीवर नवी दिनदर्शिका लागली, की संकल्पांची चर्चा सुरू होते. रोज पहाटे फिरायला जाईन, साखर सोडीन, कुणावर चिडणार नाही. यांतले बरेचसे संक्रांतीच्या आधीच गळून पडतात, हे सांगायला तज्ज्ञाची आवश्यकता नाही. आपल्याकडे संकल्पापेक्षा अधिक टिकाऊ असा एक शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे नेम. चातुर्मासात आपल्या आईने, आजीने धरलेले नेम आठवून पाहा. कुणी कांदा-लसूण वर्ज्य करी, कुणी तुळशीला ठरावीक प्रदक्षिणा घाली, कुणी जेवताना मौन पाळी. नेम लहान असे, मोजता येई, त्याला दिवसातली ठरलेली वेळ असे आणि कार्तिकात त्याचे उद्यापनही होई. ‘यापुढे चांगले वागेन’ असा नेम कुणी धरल्याचे ऐकिवात नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी सवयी कशा जडतात याचा अभ्यास ९६ जणांवर, बारा आठवडे केला होता. एखादी कृती आपोआप घडू लागण्यास साधारणतः ६६ दिवस लागतात, असे त्यातून दिसले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधे एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही आढळले. संक्रांतीला धरलेला नेम गुढीपाडव्याच्या सुमारास अंगवळणी पडावा, असा हा हिशेब आहे. वयस्कर वाचकांनी त्यातली दुसरी गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. सर्दी-पडशाने दोन दिवस मोडले म्हणून नेम सोडून देऊ नये.

या वर्षीच्या नेमाला मात्र एक अट घालावी, असे मला वाटते. त्यात दुसरे माणूस असावे.

एकटेपणा ही केवळ मनाची तक्रार आहे, हा समज आता मागे पडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो. आपल्या घरांत तो निराळ्या रूपाने वावरतो. घर भरलेले असते, दूरचित्रवाणी चालू असते, जेवणाची ताटे वेळेवर येतात. तरीही आजोबांशी दिवसभरात चार वाक्यांपलीकडे कुणी बोललेले नसते. त्या चारांतील दोन औषधाविषयी असतात.

याचे एक कारण बहुधा दुर्लक्षित राहते, ते म्हणजे कान. ऐकू कमी येऊ लागले, की माणूस प्रथम ‘काय म्हणालास?’ असे विचारतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर समोरचा त्रासून ‘काही नाही, जाऊ दे’ म्हणतो. हे ‘जाऊ दे’ फार महागात पडते. हळूहळू वृद्ध व्यक्ती नुसती मान डोलावू लागते, मग समारंभ टाळू लागते, आणि घरचे म्हणतात, ‘हल्ली त्या कशातच लक्ष घालीत नाहीत.’ २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, परंतु ज्यांवर काही इलाज करता येण्याजोगा आहे अशा १४ गोष्टी नोंदवल्या. ऐकू कमी येणे आणि माणसांपासून तुटलेपण या दोन्ही त्या यादीत आहेत. म्हणून नव्या वर्षात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एक फेरी अवश्य करावी. पुष्कळदा नुसता साठलेला मळ निघतो आणि काम भागते. तो घरी काडीने काढू नये, कानात गरम तेलही ओतू नये.

श्रवणयंत्र घ्यावे लागले, तर ते पहिल्याच दिवशी सुखाचे वाटत नाही. भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर, सारे एकदम अंगावर येते, आणि महागडे यंत्र खणात जाऊन पडते. येथे दोघांचा नेम उपयोगी पडतो. रोज सायंकाळच्या चहानंतर अर्धा तास आजींनी यंत्र लावावे आणि घरातील एकाच व्यक्तीने त्यांच्याशी शांत खोलीत बोलावे. दूरचित्रवाणी बंद ठेवावी, उजेडात समोर बसावे, ओठ दिसू द्यावेत. ओरडू नये, ओरडल्याने शब्द फाटतात आणि चेहरा रागावलेला दिसतो. एखादे वाक्य कळले नाही, तर तेच पुन्हा न म्हणता निराळ्या शब्दांत सांगावे. काही आठवड्यांत कान यंत्राला सरावतात.

दूरगावी असलेल्या मुलांच्या दूरध्वनीविषयीही थोडे लिहिले पाहिजे. ‘जेवलात का, गोळी घेतलीत का, रक्तदाब किती आहे’ ही मायेची विचारपूस खरी, पण ऐकणाऱ्याला ती हजेरी वाटते. त्याऐवजी असा एक प्रश्न विचारावा, की ज्याचे उत्तर केवळ त्यांनाच ठाऊक आहे. भोगीच्या भाजीत तुम्ही काय काय घालता? आपले जुने घर कुणाकडून घेतले होते? वेळ मात्र ठरलेली असावी. भारतात सकाळचे साडेसात वाजतात, तेव्हा हिवाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात. दोन्हीकडे निवांतपणा असतो. ज्येष्ठांनीही ‘तो कामात असेल’ म्हणून वाट पाहत बसू नये. आठवड्यातून एक दूरध्वनी आपणहून करावा, जुन्या शेजाऱ्याला केला तरी चालेल.

चालण्याविषयी थोडक्यात. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. प्रकृतीनुसार वैद्यांना विचारून प्रमाण ठरवावे. या दिवसांत ऊन्हे आल्यावरच बाहेर पडावे. सोबतीला कुणी असले, की आळस करता येत नाही; ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा त्यासाठीच असतो.

जे घराबाहेर पडू शकत नाहीत, ज्यांची स्मृती विरत चालली आहे, त्यांचा नेम हातांचा असावा. जानेवारीत बाजार मटारांनी भरलेला असतो. परातीत शेंगा घेऊन सुनेने आणि सासूबाईंनी समोरासमोर बसावे. नाव विसरलेल्या हातांनाही शेंग सोलणे पुष्कळदा आठवते. दाण्यांत साले आली तर मागाहून निवडावीत, त्यांच्यासमोर नव्हे.

आता थोडा अवघड विषय. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची आमंत्रणे फिरतात, आणि अनेक घरांत पती गमावलेल्या आजी त्या सायंकाळी आतल्या खोलीत बसून राहतात. बाहेर हसणे-बोलणे चालते, तिळगूळ मागाहून आत नेऊन दिला जातो. वर्षातील सर्वांत गजबजलेल्या दिवसांत त्यांच्या वाट्याला हे येते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. घराला ग्रामसभेची गरज नाही. आजींना आधी विचारावे, कारण काहींना स्वतःलाच संकोच वाटतो. पहिल्या वर्षी त्या कुंकू लावून घेणार नाहीत कदाचित. वाण वाटायला त्यांना पुढे बसवावे, म्हणजे येणारी प्रत्येक जण त्यांच्याशी बोलेल.

राहिली शुश्रूषा करणारी व्यक्ती. ती बहुधा सून, लेक किंवा स्वतःच साठी उलटलेली पत्नी असते. आठवड्यातून दोन दुपारी तिला मोकळीक मिळावी, हा नेम घरातील अन्य मंडळींनी धरायचा आहे. परगावच्या भावाने ‘काही लागले तर सांग’ एवढ्यावर थांबू नये. औषधे मागवणे, देयके भरणे, वैद्यांची वेळ घेणे ही कामे दुरूनही होतात. ती त्याच्या नावे दिनदर्शिकेवर लिहावीत. जवळचे कुणीच नसेल, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय साहाय्यवाणी १४५६७ या क्रमांकावर सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेत निःशुल्क उपलब्ध आहे. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीशेजारी लावून ठेवावा.