अंडाशयाचा कॅन्सर जिवाणूंमुळे होतो का?

‘अंगावरून पांढरे जायचे, तिकडे दुर्लक्ष केले म्हणून कॅन्सर झाला का?’ जिवाणू आणि अंडाशयाचा कॅन्सर यांच्याविषयीच्या बातम्या वाचून ही शंका तुमच्या किंवा घरच्यांच्या मनात आली असेल. तसे सिद्ध झालेले नाही, त्यामुळे स्वतःला दोष देऊ नका.

मग बातम्या कशाच्या आहेत?

जिवाणूमुळे कॅन्सर होऊ शकतो, हे खरे आहे. जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू १९९४ मध्येच कॅन्सरकारक ठरला. अंडाशयाबाबत मात्र आतापर्यंत फक्त संबंध दिसला आहे.

२०१९ मध्ये ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त आलेल्या अभ्यासात, अंडाशयाचा कॅन्सर असलेल्या किंवा बीआरसीए-१ जनुकात दोष असलेल्या पन्नाशीच्या आतील स्त्रियांच्या योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस हे उपयुक्त जिवाणू कमी असण्याचे प्रमाण जास्त होते. २०२४ मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या संशोधकांनी १८७ स्त्रियांच्या शस्त्रक्रियेवेळी घेतलेल्या नमुन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅन्सरग्रस्त स्त्रियांच्या गर्भनलिकेत जास्त आढळलेले बरेच जिवाणू एरवी आतड्यात किंवा तोंडात राहणारे होते. हे महत्त्वाचे, कारण या कॅन्सरचा सर्वाधिक आढळणारा प्रकार बहुधा गर्भनलिकेच्या टोकापाशी सुरू होतो.

यावरून काय ठरत नाही?

जिवाणूंमुळे दीर्घकाळ दाह होऊन पेशी बिघडत असतील, ही एक शक्यता आहे. पण गाठीमुळे तिथले वातावरण बदलले आणि मग हे जिवाणू तिथे वाढले, असेही असू शकते. आधी काय झाले, हे या अभ्यासांतून ठरत नाही.

तुम्ही काय करावे?

• कॅन्सर टाळण्यासाठी मनाने अँटिबायोटिक किंवा प्रोबायोटिक घेऊ नका. चालू उपचार थांबवू नका.
• योनिमार्ग आतून धुऊ नका. त्याने उपयुक्त जिवाणू कमी होतात.
• दुर्गंधी, खाज किंवा वेगळा स्राव असल्यास तपासून उपचार घ्या.
• आई, बहीण, मावशी किंवा आत्या यांना स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा.
• पोट फुगणे, थोडे खाताच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला लागणे हे दोन-तीन आठवडे सुरूच राहिले, तर ‘गॅस असेल’ म्हणून अंगावर काढू नका; स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. पॅप स्मिअर नॉर्मल आली म्हणून निश्चिंत राहू नका. ती तपासणी गर्भाशयमुखासाठी असते, अंडाशयासाठी नाही.