पाटी एकच, मग चव वेगळी का?

पाटी तीच, कप तोच, दरही तोच. तरी सोमवारची कोल्ड कॉफी घट्ट आणि गुरुवारची पाणचट. एका शाखेत साखर जास्त, दुसरीत नुसता बर्फ. कट्ट्यावर विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, 'चालायचंच यार, शेवटी कॉफीच आहे.' पण खरंच चालवून घ्यायचं का?

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, कुठंही जा, चहा-कॉफीच्या फ्रँचायझी आता गावोगावी आल्यात. ही दुकानं नेमकं काय विकतात? पुण्यातल्या जुन्या अमृततुल्यमध्ये चव मालकाच्या हातात असायची. पितळी भांडं, तोच माणूस, तोच हात. दुकान एक, चव एक. चेन आली आणि तिनं नवं वचन दिलं : हात कुणाचाही असो, चव बदलणार नाही. गाड्यापेक्षा जे जास्त पैसे आपण मोजतो, ते एसी आणि वायफायचे असतात, तसेच या वचनाचेही असतात.

वचन मोडतं कुठं?

पहिली जागा दुधाची. पावडर आणि सिरप कंपनीकडून येतं, दूध मात्र बहुतेक ठिकाणी जवळचंच घेतलं जातं. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के फॅट लागतं, टोन्डमध्ये ३ टक्के. आज हे, उद्या ते वापरलं तर तीच कॉफी वेगळी लागणारच. दुसरी जागा हाताची. एस्प्रेसोचा एक शॉट साधारण २५ ते ३० सेकंदांत उतरायला हवा. लवकर उतरला तर आंबट आणि पातळ, उशिरा उतरला तर कडू. दूध ६०-६५ अंशांपर्यंत तापवलं की गोडसर लागतं, उकळलं की तो गोडवा जातो. हे शिकवावं लागतं. शिकलेला मुलगा दोन महिन्यांत काम सोडून गेला की नव्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायचं. तिसरी जागा खर्चाची. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका कॉफीचा भाव पाउंडाला ४ डॉलरच्या वर गेला होता. असा भाव चढला की दर वाढवायचा किंवा कॉफी कमी घालायची, हे दोन सोपे रस्ते. दर वाढवला तर गिऱ्हाईकाला दिसतं. कॉफी कमी घातली तर नुसती शंका येते.

मोठ्यांचंही असंच होतं. २६ फेब्रुवारी २००८ च्या संध्याकाळी स्टारबक्सनं अमेरिकेतली सुमारे ७,१०० दुकानं तीन तासांहून जास्त वेळ बंद ठेवली. कारण एकच, एस्प्रेसो नीट कसा काढायचा हे कर्मचाऱ्यांना पुन्हा शिकवणं. धंदा बुडाला, चेष्टाही झाली. पण चव बिघडली तर दोष एकट्या पोराचा नसतो, शिकवण्याची जबाबदारी कंपनीची असते, हे त्यातून जगासमोर आलं.

कायदा काय म्हणतो?

चव बदलली म्हणून कुणावर गुन्हा दाखल होत नाही. कायदा बघतो ते सुरक्षितता आणि माहिती. १० किंवा अधिक ठिकाणी दुकानं असलेल्या चेननं मेन्यूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहायला हव्यात, हा नियम १ जुलै २०२२ पासून लागू आहे. आता गणित करा. २०० मिली टोन्ड दुधाऐवजी फुल क्रीम वापरलं तर सुमारे ६ ग्रॅम फॅट वाढतं, म्हणजे जवळपास ५४ कॅलरी. वरून दोन चमचे साखर जास्त पडली की आणखी ४०. मग मेन्यूवरच्या आकड्याला अर्थ काय उरला? म्हणजे कृती पाळणं हा नुसता चवीचा मामला नाही. ज्याच्या घरात शुगर आहे, त्याला विचारा.

कबूल केलेलं माप किंवा घटक मिळाला नाही तर आधी काउंटरवर सांगा, बिल जपून ठेवा, कंपनीला लिहा. तरी दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. फक्त काउंटरमागच्या पोरावर डाफरू नका. तो आपल्याच वर्गातला असू शकतो, आणि त्याला धड शिकवलंय की नाही हे आपल्याला माहीत नसतं. 'ही कॉफी परत बनवून दे ना भावा,' एवढं पुरतं. प्रत्येकानं असं सांगितलं तर निरोप मालकापर्यंत जातोच.

एक गोष्ट आपल्या जिल्ह्यातली. भूम-वाशीकडं खव्याच्या भट्ट्या आहेत, गावोगावी दूध संकलन केंद्रं आहेत. केंद्रावर शेतकऱ्याच्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ मशिनवर तपासतात. पॉइंट कमी लागला की तिथंच दर कापला जातो. 'चालायचंच' असं त्याला कुणी म्हणत नाही. तेच दूध कपात येऊन कितीतरी पट दरानं विकलं जातं, तेव्हा मात्र मापच नाही. घालणाऱ्याला एवढं काटेकोर माप असेल, तर विकणाऱ्यालाही असायला हवं. ते मागणं म्हणजे नखरे नव्हेत.