शाल, श्रीफळ आणि बोटीचं तिकीट

हल्ली सत्कारांना ऊत आलाय. हॉटेलातला गार हॉल, मागे चकचकीत फलक, खुर्च्यांना पांढरे झगे. "आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षणाच्या प्रसारातील मोलाचे योगदान" असं निवेदिका म्हणते आणि एकेक कोटवाला स्टेजवर चढतो. कुणी परदेशी विद्यापीठाचा एजंट, डोक्यामागे कमिशन घेणारा. कुणी खाजगी विद्यापीठाचा मालक. कुणी करारावर सह्या ठोकून आलेला कुलगुरू. शाल, श्रीफळ, काचेचं चिन्ह, फोटो. मग जेवण.

मी दहावीला गळालेला माणूस. २०२० च्या टाळेबंदीत इथल्या शेवटच्या गिरण्यांचे साचे थांबले तेव्हा मी बदलीवर होतो. आता भिवंडीला माग चालवतो आणि परळला झोपायला येतो. तुम्ही म्हणाल, तुझा ह्या भानगडीशी काय संबंध? आहे संबंध. ह्या देशातनं परदेशी शिकायला गेलेल्यांत ज्याच्या शिक्षणानं सगळ्यात जास्त माणसं माणसात आली, तो माणूस आमच्या परळच्या चाळीतनं गेला. तेव्हा कुणाच्या खांद्यावर शाल पडावी ह्यावर बोलायचा हक्क आधी आमचा. कोटवाल्यांचा नंतर.

बाबासाहेबांना कुणी पाठवलं? एजंटानं नव्हे. गिरगावात चर्नी रोडच्या बागेत एक मास्तर येऊन बसायचे. कृष्णराव अर्जुन केळुसकर. विल्सन हायस्कूलचे शिक्षक, शिवाजी महाराजांचे चरित्रकार, बुद्धाचे चरित्रकार. त्याच बागेत पुस्तकात डोकं घालून बसणारा सुभेदारांचा भीमराव त्यांनी हेरला. विचारपूस केली, वाचायला पुस्तकं दिली, सत्कारसभेत स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. (एक पुस्तक योग्य हातात पडलं की पन्नासेक वर्षांनी नागपूरला काय होतं, ते आपल्याला ठाऊक आहे.) पुढं रामजी सुभेदारांचा हात आखडला, इंटरनंतर कॉलेज सुटायची पाळी आली, तेव्हा केळुसकर गुरुजीच त्यांना सयाजीराव गायकवाडांपुढे घेऊन गेले. महिना २५ रुपये सुरू झाले. १९१२ ला बी. ए. १९१३ ला अमेरिका. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं, परत आल्यावर दहा वर्षं बडोद्याची चाकरी, असा लेखी करार.

नीट बघा, हे काम काय आहे. पोरगं हेरणं. त्याला पुस्तक पुरवणं. आणि मग पैसेवाल्याच्या दारात जाऊन, स्वतःची इभ्रत पणाला लावून, दुसऱ्याच्या पोरासाठी शब्द टाकणं. आज ह्याच कामाला लांबलचक इंग्रजी हुद्दे आहेत, ऑफिसं आहेत, परिषदा आहेत. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांच्या सल्लागारांची नाफ्सा नावाची संघटना १९४८ ला निघाली, ती आपल्या लोकांना पुरस्कारही देते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. टेबलामागं बसून परक्या मुलाचे कागद लावणारा माणूस हाही कामकरी आहे, एवढं तरी त्यांनी मानलं. आमच्याकडं कामकरी बाजूला आणि दलालाला शाल.

पण केळुसकर गुरुजी एकटे नव्हते. पुस्तकासाठी पैसे हवे असले की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींच्या दारात जायचे. धाकटीकडं नसले तर थोरलीकडं. तिच्याकडंही रोकडा नसला तर तिचा दागिना घेऊन मारवाड्याकडं गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून परत करायचे. त्या दोन बायांना कुठल्या परिषदेनं बोलावलं? १९२० साली बाबासाहेब लंडनचं अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला निघाले तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातनं साठवलेले पैसे होते, शाहू महाराजांचे दीड हजार होते, नवल भथेना ह्या पारशी दोस्तानं उसने दिलेले पाच हजार होते. आणि मागं परळच्या बीआयटी चाळीत रमाई होती. तिची चार लेकरं मातीत गेली. लंडनची एम. एस्सी. १९२१ ची, डी. एस्सी. १९२३ ची. त्या पदव्यांच्या हिशोबात रमाईच्या उपासाचा आकडा कुठल्या रकान्यात धरायचा ते मला कुणी अर्थशास्त्र्यानं सांगावं.

कोलंबिया विद्यापीठानं ५ जून १९५२ ला बाबासाहेबांना एलएल. डी. दिली. सन्मान करायचा तर असा, ज्यानं काम केलं त्याचा. केळुसकर गुरुजी १९३४ लाच गेले होते. दादरला शिवाजी पार्कापाशी त्यांच्या नावाचा रस्ता आहे. तिथनं रोज हजारो माणसं जातात. विचारून बघा, केळुसकर कोण? दहातले नऊ म्हणतील, कुणी नगरसेवक असेल.

आता पुढचं ऐका, कारण खरी चीड तिथं आहे.

बाबासाहेब स्वतः वर चढल्यावर शिडी ओढून घेणारे नव्हते. १९४२ ला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेल्यावर त्यांनी पहिल्या कामांत हेच धरलं. सरकारकडनं आपल्या पोरांच्या शिक्षणासाठी ३ लाख रुपये मंजूर करून घेतले आणि त्याच खटपटीतनं काही पोरं विलायतेला धाडली. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज. म्हणजे ज्यांना कुणी पाठवलं होतं, तेच पाठवणारे झाले. केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्राची राजर्षी शाहूंच्या नावाची २००३ पासून.

आणि त्या शिष्यवृत्तीचं आज काय केलंय? केंद्राच्या सगळ्या मिळून १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींच्या. अख्ख्या देशाला. आसेतुहिमाचल. लोकलच्या एका डब्यात ह्याहून जास्त माणसं लटकतात. २०२२ साली नियम बदलला. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास, भारतातला समाज ह्या विषयांवर संशोधन करायला परदेशी जाणार असाल तर पैसे मिळणार नाहीत. कळलं का? इंजिनियर व्हा, डॉक्टर व्हा, पण जातीचा अभ्यास करायला साहेबाच्या देशात जाऊ नका. ९ मे १९१६ ला कोलंबियात गोल्डनवायझरच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात एका चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरानं भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. आज तोच विषय घेऊन तो ह्या खिडकीशी गेला असता तर खिडकीतल्या बाबूनं अर्ज परत सरकवला असता. त्याच्याच समाजासाठी काढलेल्या शिष्यवृत्तीच्या खिडकीतनं. २०२५ ला तर १०६ जणांची निवड झाली आणि आधी पत्रं दिली ४० जणांना. बाकीच्यांना सांगितलं, निधी असेल तर बघू. निधी! भीक मागायला गेलेत का ती पोरं?

त्याच वर्षी, १४ जून २०२५ ला, मुंबईत थाटात समारंभ झाला. पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबईत यायची इरादापत्रं दिली. यॉर्क, ॲबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक, आणि एक इटालियन डिझाइनवाले. भाषणं झाली: आता परदेशी शिक्षण तुमच्या दारात. कुणाच्या दारात? विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे नियम वाचा. परदेशी विद्यापीठानं इथं शाखा काढली तर फी तेच ठरवणार, प्रवेश कुणाला द्यायचा तेही तेच ठरवणार, राखीव जागांची सक्ती नाही. म्हणजे पूर्वी समुद्र आडवा होता, आता दारावरचा शिपाई आडवा. समुद्र बरा होता. त्याला निदान जात विचारायची अक्कल नव्हती.

ह्या सगळ्याची किंमत मी आमच्या मजल्यावर बघितलीय. शेजारची पोरगी, बाप हातगाडीवाला, आई दादरच्या फुलबाजारात. तिला इंग्लंडच्या एका विद्यापीठानं जागा दिली. पत्र आलं तेव्हा अख्ख्या चाळीनं वाचलं, वाचता न येणाऱ्यांनी हात लावून बघितलं. मग कागद सुरू झाले. जातीचा दाखला आहे, पडताळणी कुठाय? उत्पन्नाचा दाखला आहे, पण गेल्या सालचा. हातगाडीवाल्यानं आयकराचं विवरण आणावं म्हणे. एका सरकारी कचेरीत तिला सात वेळा परत पाठवली, मी तीनदा पाळी बुडवून बरोबर होतो. शिष्यवृत्तीची यादी लागायच्या आत तिकडं अनामत भरायची मुदत संपत होती. त्या पंधरवड्यात तिच्यासाठी कोण उभं राहिलं? एका कॉलेजच्या लायब्ररीतला कारकून. सगळे कागद त्यानं स्वतः स्कॅन केले, विद्यापीठाला इंग्रजीत पत्र लिहिलं, मुदत वाढवून मागितली, रात्री अकराला फोन करून म्हणाला, "बाई, सहा आठवडे दिले त्यांनी. रड नंतर, आधी हमीपत्र आण." ती गेली. तो कारकून अजून हंगामीच आहे. बावीस हजारांवर.

हा माणूस आंतरराष्ट्रीय उच्च शिक्षणाचा प्रसारक नाही तर कोण आहे? हॉटेलातला तो एजंट? त्याच्याकडं ही पोरगी आधी गेली होती. त्यानं पहिला प्रश्न विचारला, बँकेत किती?

आता दोस्तहो, जरा आपल्याकडंही वळू. कोटवाल्यांना शिव्या घालणं सोपं आहे, टाळ्याही पडतात. पण आपण काय करतो? पोरगं परदेशातनं परत आलं की दादर-नायगावला हॉल घेतो, हार घालतो, त्याच्याकडनं भाषण ऐकतो. त्याचा अर्ज भरणारा मागच्या खुर्च्या लावत असतो. परत आलेल्यातले कितीतरी पुन्हा वस्तीत फिरकत नाहीत. शिकलेल्यांनी पाठ फिरवली म्हणून बाबासाहेबांनी अखेरच्या वर्षात दुःख केलं, ते उगाच नव्हे. जो गेला त्याला हार, ज्यानं पाठवला त्याला खुर्च्या, हा हिशोब आपलाही आहे. वर्ध्याला नालंदा अकादमीत अनुप कुमार खेड्यापाड्यातली पोरं विद्यापीठांच्या प्रवेशाला तयार करतात. अशी माणसं आपल्या शहरात गल्लीगल्लीत पाहिजेत, आणि ती मोफत राबणारी नकोत. पगारी पाहिजेत. समाजकल्याणच्या प्रत्येक वसतिगृहात परदेशी प्रवेशाचा एक पूर्णवेळ माणूस नेमा, ही मागणी आपण का करत नाही? २०२२ चा तो नियम फाडा, जागा वाढवा, विद्यापीठाच्या मुदतीआधी यादी लावा, परदेशी शाखांत राखीव जागा ठेवा, ह्यासाठी मोर्चा का निघत नाही? पुतळ्याच्या उंचीवर आपण रात्रभर भांडतो.

आम्ही चौघांनी ठरवलंय. येत्या ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलांच्या रांगेत एक टेबल टाकणार. सत्कार नाही, भाषण नाही. तो लायब्ररीवाला येणार आहे, रजा टाकून. येताना जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रकं, सगळ्याच्या तीन तीन झेरॉक्स आणा. ज्यांच्याकडं काही नाही त्यांनीही या, काय नाही ते लिहून घेऊ आणि सोमवारी बरोबर कचेरीत येऊ. ज्यांना इंग्रजी पत्र लिहिता येतं त्यांनी तर याच. आणि कुणाकडं चांगला स्टेपलर असला तर घेऊन या, आमचा मोडलाय.